केसाजी अस्वलाची कोरियन शेगडी

एका जंगलात, मुलांनो, एक मोहाचं झाड होतं आणि त्या झाडाखाली एक खाणावळ होती. जंगलाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या प्राण्यांच्या भावना फार लवकर दुखावतात, आणि एकदा दुखावल्या की ते विचार सोडून बाकी सगळं करतात.

खाणावळ केसाजी नावाच्या अस्वलाची होती. म्हणजे पाटी केसाजीची होती. चूल गोजराबाईची होती. गोजराबाई ही केसाजीची बायको. भाजलेले कंद, वाळवीची चटणी, मोहाच्या फुलांच्या भाकऱ्या, सणासुदीला मधाचं पोळं, एवढाच काय तो बेत. पण हरणापासून तरसापर्यंत सगळे तिथेच जेवत. ढेकर देत, "बाई, आज चटणी झकास होती" असं म्हणत आणि आपापल्या वाटेने जात.

तुम्हाला वाटेल, केसाजी सुखी असेल. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला असं वाटतं.

केसाजीला एक दुःख होतं. ते त्याला साळिंदराच्या मुलीच्या लग्नात झालं. मांडवात पुढच्या रांगेत खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर वाघोबा बसले होते, एकीवर वाघोबांचे व्याही, आणि एकीवर एक कोल्हा. त्या कोल्ह्याचा कसला तरी धंदा होता. कसला, ते त्यालाही नीट सांगता येत नसे, पण सगळे त्याला उद्योजक म्हणत. केसाजी त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टेकणार, तेवढ्यात साळिंदर धावत आला.

"केसाजी, तू इथं कुठं बसतोस? जरा वाढपाकडं बघ की. तुझं तर रोजचंच काम आहे."

केसाजीने वाढपाकडे बघितलं. पुढच्या रांगेला त्याने स्वतः वाढलं. कोल्ह्याने दोनदा मागून घेतलं आणि एकदाही वर बघितलं नाही.

घरी आल्यावर तो गोजराबाईला म्हणाला, "सगळ्या जंगलाचं पोट आपण भरतो, आणि जंगल आपल्याला खाणावळवाला म्हणतं."

"मग काय म्हणायला पाहिजे?"

"उद्योजक."

गोजराबाईने हा शब्द कधी ऐकला नव्हता. तिला वाटलं, पोटाचं काही असेल. तिने त्याला ओवा चावायला दिला.

मग थंडी पडली आणि भोरड्या आल्या. भोरडी हा लांबच्या देशातून येणारा पक्षी. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. भोरड्या थव्याने येतात, उभी ज्वारी फस्त करतात आणि होळीच्या सुमारास निघून जातात. हे जंगलाला चांगलं ठाऊक होतं. दर वर्षी ज्वारी जात होती. पण त्या वर्षी एका भोरडीने सोबत फाइल आणली होती, आणि फाइल असली की मागचं सगळं विसरायचं, अशी त्या जंगलाची रीत होती.

पाणवठ्यावर सभा भरली. भोरडीमॅडम एका दगडावर उभ्या राहिल्या.

"मी तुमच्यासाठी कोरियन बार्बेक्यूची फ्रँचायझी आणली आहे," त्या म्हणाल्या.

"कोरिया कुठं आलं?" केसाजीने विचारलं.

"फार लांब. मी त्याच्यावरून उडत आले आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम तिथे कधी खाली उतरल्या होत्या का, हे कुणीही विचारलं नाही.

मॅडमनी समजावून सांगितलं. टेबलाच्या मधोमध भोक असतं. भोकात शेगडी, शेगडीत निखारे. गिऱ्हाइकं भोवती बसतात आणि आपलं मांस आपणच भाजून खातात. सोबत लहान लहान वाट्यांमधून तोंडीलावणी येतात. तोंडीलावणी फुकट. संपली की पुन्हा भरायची.

"मांस कुणाचं?" एका सशाने विचारलं.

सगळ्यांनी त्याच्याकडे इतकं निरखून बघितलं की त्याला घरचं काम आठवलं.

केसाजी मात्र दुसराच विचार करत होता. "म्हणजे आचारी लागत नाही?"

"नाही."

"वाढपीही नको?"

"नको."

"मग आपण काय करायचं?"

मॅडम दगडावरून उतरून त्याच्या अगदी जवळ आल्या. "केसाजीसाहेब, आपण फक्त मालक असायचं."

केसाजीला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. व्यवहार तिथेच झाला. करार नुसता नंतर लिहिला गेला.

करारात लिहिलं होतं की जुनी खाणावळ बंद करायची. माल मुख्यालयाकडूनच घ्यायचा. आणि मोहाचं झाड तारण ठेवायचं. पळस फुलला की मॅडम तपासणीला येणार. त्या दिवशी एक तर सगळी टेबलं गिऱ्हाइकांनी भरलेली हवीत, आणि दुसरं म्हणजे टेबलावर मुख्यालयाच्या मालाखेरीज दुसरं काही खाणं नको. दोन्हींतलं एक जरी चुकलं तरी झाड मुख्यालयाचं.

"मुख्यालय कुठं आहे?" केसाजीने विचारलं.

"मी आणि माझी मंडळी," मॅडम म्हणाल्या, आणि वरच्या फांदीकडे बघून हसल्या. वर मंडळी बसलेली होती. फांदी वाकली होती.

केसाजीने पंजा उमटवला. मग घरी जाऊन बायकोला सांगितलं. ही पद्धतही त्या जंगलात फार जुनी.

गोजराबाई चुलीपुढून उठली. "झाड? आपलं झाड? सावली त्याची, फुलं त्याची, चूल त्याच्या बुडाशी. ते गेलं तर आपण बसायचं कुठं?"

"जाईल कशाला? टेबलं भरली पाहिजेत, एवढंच आहे. आपल्याकडं कधी माणूसकाणूस कमी पडलंय?"

"आणि पाव्हण्यानं स्वतः भाजून खायचं? पाव्हण्याला विस्तवापुढं बसवायचं? लोक तोंडात शेण घालतील."

"कोरियात असंच असतं."

"मग कोरियात कर."

पण तिला गणवेश आला होता. काळा झगा आणि त्यावर गुलाबी पट्टा. झगा तिने रात्रभर खुंटीला लावून ठेवला आणि सकाळी कुणी बघत नसताना अंगाला लावून बघितला. त्यानंतर तिचा विरोध जरा मऊ पडला. गोजराबाई शहाणी होती असं मी कुठेही म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेवा.

याच दिवसांत त्या जंगलात दर वर्षी हुरडा होत असे. नदीकाठच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवायची, भोवती सगळ्यांनी गोल बसायचं. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजायची, तळव्यावर चोळायची आणि चार तऱ्हेच्या चटण्यांबरोबर खायची. आगटी दर वर्षी केसाजी पेटवायचा. या वर्षी त्याने साफ नकार दिला.

"आपण आता बार्बेक्यूवाले," तो म्हणाला. "विस्तवाभोवती बसायचं, हातानं भाजायचं, चटणीला लावून खायचं, हे असलं गावठी काम आपल्याला शोभत नाही."

आणि तो टेबलांना भोकं पाडायला निघून गेला.

उद्घाटनाला वाघोबा आले. फीत तोडायला त्यांना एक नख पुरलं, भाषणाला मात्र अर्धी दुपार लागली. मग ते टेबलाशी बसले. केसाजीने मसाला लावलेलं मांस पानावर आणून ठेवलं, शेजारी चिमटा ठेवला, आणि हात जोडून उभा राहिला. वाघोबांनी मांस होतं तसं उचललं आणि तोंडात टाकलं.

"महाराज, ते भाजायचं होतं."

"कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये नव्हतं. वाघोबांनी पाठोपाठ सगळ्या पाहुण्यांची पानं संपवली, मिशा पुसल्या, "नवीन पिढीने असंच पुढे यायला हवं" असं म्हटलं आणि पैसे न देता गेले. वाघोबांकडे पैसे मागायचे नसतात. तेवढं व्यवहारज्ञान केसाजीला होतं.

पुढे काही दिवस कुणीच फिरकलं नाही. केसाजी गल्ल्यावर बसून मालक असण्याचा सराव करत होता. मग एका संध्याकाळी तानूआजी आली. तानूआजी म्हणजे जंगलातली सगळ्यांत म्हातारी कासवीण. तिच्या पाठीवर एक वांगं होतं.

"केसाजी, यंदा आगटी नाही रे बाबा. म्हटलं इथं विस्तव आहे, तर भरताचं वांगं तेवढं भाजून घ्यावं. गुडघेही शेकतील."

केसाजी काही बोलायच्या आत गोजराबाईने तिला बसायला दिलं. वांगं भाजेपर्यंत म्हातारीने तोंडीलावणी चाखली. मुळ्याचं लोणचं तिला फार आवडलं. गोजराबाईने वाटी पुन्हा भरली. रिकामी वाटी बघितली की तिचा हात थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी साळिंदर शेंगा घेऊन आला. तरसांचं अख्खं कुटुंब घरून भाकऱ्या बांधून आलं. कुणी रताळी आणली, कुणी कणसं. गोवऱ्यांचा खर्च वाचला, चटण्या फुकट झाल्या, वर छप्पर आणि बसायला बाक. जंगलात अशी सोय पूर्वी कधी झाली नव्हती. सगळी टेबलं भरली. गप्पा रंगल्या, पोरं टेबलांखाली खेळली, आणि मुख्यालयाचं मांस कोपऱ्यात पडून आंबलं. त्याला कुणी हात लावला नाही. सगळे म्हणत, "केसाजी, धंदा जोरात आहे हं." केसाजीला ते खरं वाटे. भरलेली टेबलं बघून ज्याला धंदा जोरात वाटतो, त्याने खरं तर लग्नाचे मांडव भाड्याने द्यावेत.

पण करारातली दुसरी अट एके दिवशी त्याला आठवली आणि तो घाबरला. त्याने दारावर पाटी लावली, "घरचे पदार्थ आणू नयेत." त्या दिवशी एकही टेबल भरलं नाही. गोजराबाईचा मामा वाटेवरून परत गेला आणि तीन ठिकाणी थांबून हकिगत सांगत गेला. गोजराबाईने जेवण सोडलं. केसाजीने पाटी काढली. टेबलं पुन्हा भरली, वांग्यांसकट.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पाटी लावली तर पहिली अट मोडते. काढली तर दुसरी. जे बैलालाही कळलं असतं ते केसाजीला पळस फुलायला आठवडा उरला असताना कळलं. त्या रात्री त्याला पहिल्यांदा झाडाकडे बघवेना. बापाने त्याला याच फांदीवर चढायला शिकवलं होतं. गोजराबाई याच बुंध्याशी नवरी म्हणून उतरली होती.

सकाळी उठून तो दारोदार फिरला. साहेबपणा त्याने घरी ठेवला होता.

"तपासणीच्या दिवशी या," तो प्रत्येकाला म्हणाला. "सगळे या. फक्त त्या दिवशी भाजायला काही आणू नका. मांस मी ताजं मागवलंय. पैसे देऊ नका. नुसतं बसा, दोन तुकडे खा आणि जा. नाहीतर झाड जाईल."

जंगल विरघळलं. काही झालं तरी त्या अस्वलाच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं होतं. साळिंदराचे डोळे भरून आले. तानूआजी म्हणाली, "अरे, हात जोडतोस काय? तुझ्या घरचं कार्य ते आमचं कार्य. आम्ही सगळे येतो."

आणि सगळे आले, मुलांनो. शब्दाला जागले. पळसाची झाडं लाल झाली होती, ऊन उतरलं होतं, आणि वाटेने अख्खं जंगल येत होतं. कुणीही भाजायला काही आणलं नाही.

पण अस्वलाने घरी येऊन, हात जोडून बोलावलेलं. त्याच्या घरचं कार्य. तिथे रिकाम्या हाताने कसं जायचं?

तानूआजीने भरीत करून आणलं. साळिंदराने शेंगांचे लाडू आणले. तरसांनी भाकऱ्यांची चवड आणली, वर फडकं घालून. वानरांनी नदीकाठी जाऊन खास हुरडा भाजला आणि टोपलीभर गरम गरम आणला. कुणी दही, कुणी गूळ, कुणी लसणाची चटणी.

"भाजायचं काही नाही हं," साळिंदर दारात हळूच म्हणाला. "सगळं तयार आणलंय."

केसाजीने बायकोकडे बघितलं. तिने एका शब्दाने नाही म्हटलं असतं, टोपल्या मागच्या झुडपात नेऊन ठेवल्या असत्या, तरी झाड वाचलं असतं. पण आणलेलं नाकारायचं कसं? आणि झाकून ठेवायचं कसं? माणसं काय म्हणतील? गोजराबाईने काळा झगा सावरला, गुलाबी पट्टा सरळ केला आणि सगळ्यांनी आणलेलं सगळं प्रत्येक टेबलावर स्वतःच्या हाताने वाढलं. कुणाचं मागे राहिलं, कुणाचं कमी दिसलं, असं नको म्हणून तिने अगदी सारखं वाढलं.

तेवढ्यात मॅडम मंडळींसह उतरल्या.

त्यांनी एकेक टेबल बघितलं. "टेबलं भरलेली आहेत," त्या म्हणाल्या. "अभिनंदन."

मग त्यांनी पानांकडे बघितलं. मुख्यालयाचं मांस पानाच्या कडेला कोरडं पडलं होतं. बाकीचं पान हुरडा, भरीत, लाडू आणि भाकरीने भरलं होतं.

"हे काय आहे, केसाजीसाहेब?"

केसाजी उत्तर देणार, तोच तानूआजी आतून म्हणाली, "मॅडम, उभ्या का? बसा की. थोडा हुरडा घ्या."

मॅडम बसल्या. मंडळीही बसली. टोपली रिकामी झाली, मग दही संपलं, मग गूळ. मॅडमनी चोच पुसली आणि फाइल उघडली.

"फारच चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच वाईट वाटतं. अट म्हणजे अट."

अंधार पडायच्या आत झाडावर मुख्यालयाची पाटी लागली. पाहुण्यांना फार हळहळ वाटली. "मॅडमही काय कडक आहेत," असं म्हणत ते आपापली रिकामी टोपली घेऊन घरी गेले. गोजराबाईने एकही टोपली घरातल्या गुळाचा खडा टाकल्याशिवाय परत दिली नाही. त्या संध्याकाळी या जंगलातल्या एकाही प्राण्याची वागणूक वाईट नव्हती. सगळे फारच छान वागले. मला त्या सगळ्यांची इतकी चीड येते की काय सांगू.

होळी झाली आणि भोरड्या उडून गेल्या. मग मोह फुलला. पहाटे पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडू लागला. त्याचा वास नदीपर्यंत जाई. पण करारानुसार ती फुलं मुख्यालयाची होती, आणि मुख्यालय तेव्हा परदेशी होतं. म्हणून ती तिथेच कुजली. कायदा पाळणारे प्राणी पाटी वाचत आणि लांबून वळसा घालून जात.

गोजराबाईने चुलीचे तीन दगड उचलले आणि नदीकाठी उघड्या उन्हात नेऊन मांडले. तिथे ती पुन्हा कंद भाजू लागली. लोक जेवायला येत, डोक्यावर पानं धरून बसत आणि म्हणत, "बाई, चटणी झकास. सावली तेवढी हवी होती."

पुढच्या हिवाळ्यात साळिंदराच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात पुढच्या रांगेत तशाच खुर्च्या होत्या. केसाजी सवयीने वाढपाकडे निघाला. साळिंदर धावत आला आणि त्याने केसाजीचा पंजा धरला.

"तिकडं कुठं चाललात, केसाजीराव? तुमची जागा इथं."

त्याला वाघोबांच्या शेजारी बसवलं. कोल्ह्याने सरकून जागा दिली. साळिंदराने व्याह्यांना ओळख करून दिली, "हे आमचे उद्योजक. कोरियन बार्बेक्यू यांचंच. फार मोठं काम होतं, सगळं गेलं." व्याह्यांनी आदराने मान लववली. ज्याचं सगळं गेलं त्याच्याकडे पूर्वी काहीतरी मोठं असणार, असा हिशेब त्यांनीही केला.

केसाजी खुर्चीत मागे टेकला. त्याचा चेहरा, मुलांनो, तुम्ही बघायला हवा होता. मोहाचं झाड जाताना चेहऱ्यावर जेवढं दुःख आलं नव्हतं, तेवढा आनंद आता आला होता. एक तरुण अस्वल सल्ला विचारायला वाकलं, तर केसाजी त्याला म्हणाला, "खाणावळीत काही राहिलं नाही. मोठा विचार करायला शिक."

"आता पुढे काय?" वाघोबांनी विचारलं.

"भोरडीमॅडम कालच आल्यात," केसाजी आवाज खाली आणून म्हणाला. "त्या आता हुरड्याची फ्रँचायझी देताहेत. आतून परदेशी पद्धत, वरून आपली. वाळूत बसायचं, हातानं भाजायचं. अगदी नवीन कल्पना आहे. फक्त तारण काय ठेवायचं, तेवढं बघतोय."

मांडवाच्या मागे, कनातीपलीकडे, गोजराबाई आपलेच तीन दगड मांडून लग्नाचा स्वयंपाक करत होती. तिला सगळं ऐकू आलं. मग तिने पंगतीला पुरेल एवढं रांधलं, कुणाचंही पान कमी पडू दिलं नाही, आणि चूल निवल्यावर तिचे तीन दगड फडक्यात बांधून घरी नेले.

तेव्हापासून ती ते दगड उशाशी घेऊन झोपते.

तात्पर्य: मुलांनो, रोज सगळ्यांचं पोट भरत राहिलात तर लग्नात तुम्हाला वाढायला लावतील. म्हणून आधी घरचं झाड घालवा, आणि घालवताना त्याला एखादं लांबच्या देशाचं नाव द्या. पुढच्या रांगेतली खुर्ची नक्की मिळेल. स्वयंपाकाची चिंता करू नका. तो करायला कनातीमागे कुणीतरी असतंच.